नऊ वर्षं अडलेलं प्यादं

माझ्या मामेसासऱ्यांइतका हुशार माणूस मुखेड तालुक्यात दुसरा नाही, आणि त्यांच्या गिरणीइतकं वाईट दळणही तालुक्यात दुसरीकडे कुठे मिळत नाही. दोन्हींचं कारण एकच, बुद्धिबळ. गिरणीच्या दारात बायका डबे ठेवून जातात. कुणाचा पितळी, कुणाचा अॅल्युमिनियमचा, कुणाचा नुसताच तेलाचा पत्र्याचा. सामान्य गिरणीवाल्याला ती रांग दिसते. मामांना पट दिसतो. पितळी डबा वजीर, पत्र्याचे डबे प्यादी, असं मनात मांडून ते डबे इकडचे तिकडे सरकवत बसतात आणि मग कुणाच्या ज्वारीत कुणाची चण्याची डाळ जाते. एकदा एक मावशी बेसन मिसळलेलं पीठ घेऊन भांडायला आल्या, तर मामा गंभीरपणे म्हणाले, "मावशी, तुमचा डबा उंटाच्या घरात व्हता. तिरपा गेला." मावशींनी त्याच पिठाची धपाटी केली. ती घरात सगळ्यांना आवडली म्हणून पुढच्या आठवड्यात त्या तसंच दळण मागायला आल्या आणि मामांना ते काही केल्या पुन्हा जमेना.

माझी आणि त्यांची पहिली भेट माझ्याच लग्नात झाली, म्हणजे व्हायची होती. मी अंतरपाटाच्या अलीकडे हार धरून उभा. भटजींनी "वधूच्या मामांनी मुलीला घेऊन यावं" असं एकदा म्हटलं, दोनदा म्हटलं, तिसऱ्यांदा माईक घेऊन म्हटलं. मामा नाहीत. शोधाशोध झाली तेव्हा ते आचाऱ्याच्या चुलाणामागे, बुंदीच्या पातेल्याशेजारी पट मांडून बसलेले सापडले. समोर जळकोटचे गादीवाले भाई. वऱ्हाडाच्या गाद्या त्यांच्याकडून आल्या होत्या आणि गाद्यांबरोबर ते स्वतःही आले होते. मुहूर्त चार मिनिटं टळला. मामा धावत आले, नवरीला पुढे केलं आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "जावईबापू, वजीर देऊन राहिलो. सांभाळा, उगं पुढं पुढं करू नका." आमच्या संसाराला आता बावीस वर्षं झाली. इतका कामाचा सल्ला मला दुसऱ्या कुणी दिलेला नाही, हे मी लातूरला, म्हणजे सुरक्षित अंतरावर बसून कबूल करतो.

मामांच्या खेळाची एक अट आहे आणि त्या अटीनंच त्यांचं वाटोळं केलं, असं मामी म्हणतात. जुन्या देशी खेळात प्याद्यानं राजाला दिलेली मात सगळ्यांत मानाची. तिला प्यादेमात म्हणतात. बाकीच्यांच्या लेखी ती जमली तर जमली अशी हौस. मामांच्या लेखी दुसरी मातच नाही. समोरच्याचा राजा कोपऱ्यात उघडा पडलेला असो, वजिराच्या एका चालीत खेळ संपत असो, हे वजीर मागे घेणार आणि एखादं दरिद्री प्यादं एकेक घर पुढे ढकलत बसणार. कारण विचारलं तर म्हणतात, "वजिरानं मात देणं म्हंजे कलेक्टरच्या ओळखीनं रेशन आणणं. त्यात आपलं काय?" या तत्त्वापायी ते किती वेळा हरलेत याची गणती नाही. नांदेडला एका स्पर्धेत ते शेवटच्या डावापर्यंत पोचले. समोर होती दहा वर्षांची, दोन वेण्या घातलेली पोरगी. एका चालीत मात होती. मामा प्याद्याची वाट बघत बसले आणि शेजारच्या घड्याळात त्यांची वेळ संपली. कप पोरीला मिळाला. परत येताना मी हळहळलो, तर मलाच म्हणाले, "घड्याळ जिंकलं. मी कामून वाईट वाटून घेऊ?"

या माणसाशी खेळायला तितकाच चिवट माणूस लागतो, आणि तो जळकोटला होता. गादीवाले भाई आणि मामा यांचा डाव चिठ्ठ्यांवर चालायचा. मुखेड-जळकोट करणाऱ्या काळीपिवळी जीपच्या ड्रायव्हरकडे मामा सकाळी चिठ्ठी द्यायचे, त्यावर एक चाल. भाईंची उलट चाल संध्याकाळी यायची, तिला कापसाचे तंतू चिकटलेले असायचे. दोघांच्या घरी पट मांडलेला, दोघं आपापल्या पटावर मोहरे हलवायचे. फोन होते की. पण मामांचं म्हणणं, "फोनवर चाल सांगितली तर इचार करायला जीपगाडीएवढा येळ मिळत न्हाई." भाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन नांदेडला झालं तेव्हाही यांना चैन पडेना. आठ दिवस गिरणी बंद ठेवून हे भाईंच्या खाटेशेजारी जाऊन बसले आणि भाईंच्या डोळ्यांवर पट्टी असताना तोंडानंच डाव चालू केला. "घोडा पुढं." "मंग माझा हत्ती आडवा." शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना वाटलं, दोन वेडे आणून टाकलेत. त्यांनी खाट बदलून मागितली.

त्यानंतर दोनेक वर्षांनी मामांची एकसष्टी आली. मीही गेलो होतो. ओवाळणं झालं, शाल झाली, आणि संध्याकाळी जळकोटची चिठ्ठी आली. मामांनी ती वाचली, पटावर भाईंचा हत्ती बाजूला सरकवला आणि उठून गेले. जेवलेही नाहीत. आम्हाला वाटलं गोडाचं जास्त झालं. पण त्या दिवसापासून चिठ्ठ्या बंद झाल्या. तो पट तसाच फ्रिजवर जाऊन बसला. तिथे तो नऊ वर्षं राहिला. त्या घरात फ्रिजचं दार अजून तान्हं मूल झोपल्यासारखं उघडतात. मध्यंतरी फ्रिज बदलला, तेव्हा पट उतरवून परत चढवायला चार माणसं लागली आणि मामा पुढे चालत "हळू, हळू" करत होते. विचारलं की एवढंच म्हणायचे, "डाव अडलाय." सगळ्या मुखेडनं आपापलं ठरवून टाकलं की जळकोटवाल्यानं चाल पाठवायची बंद केली, दोस्त फिरला. मामांनी कुणाला नाही म्हटलं नाही.

अशात गेल्या वर्षी ती दोन वेण्यांची पोरगी मुखेडला आली. वेण्या गेल्या होत्या, गळ्यात कॅमेरा होता आणि बरोबर एक दाढीवाला सहकारी होता. पुण्याला शिकून ती माहितीपट काढत होती आणि तिला 'एका अस्वस्थ प्रतिभावंता'वर फिल्म करायची होती, बुद्धिबळाच्या. मामांनी शांतपणे विचारलं, "कोन हाय तो?" ती म्हणाली, "तुम्ही." मामांनी मागे वळून बघितलं. मग तिनं सांगितलं की तो कप तिनं घरी कधी मांडलाच नाही, फुकटचा वाटत आला म्हणून. मामा चकित झाले. "फुकटचा कशाचा, बाई? माझ्या प्याद्याला येळ लागला, तू दम धरून बसलीस. घेतलेलं नीट मांडून ठेवावं."

पुढचे आठ दिवस मुखेडनं जी करमणूक अनुभवली, तिला तोड नाही. पोरीला मामांची अस्वस्थता टिपायची होती आणि मामा काही केल्या अस्वस्थ होईनात. तिनं सांगितलं, खिडकीत बसून दूर बघा. मामा म्हणाले, "ती खिडकी शेजाऱ्याच्या न्हाणीकडं उघडती, बाई. मार खाईन." ज्वारीच्या धसकटांतून एकट्यानं चाला म्हटलं, तर दहा पावलांवर भेटलेल्या शेतकऱ्याशी दळणाच्या भावावर बोलत उभे राहिले. शेवटी तिनं थेट विचारलं, "प्रतिभेचा तुम्हाला काय त्रास झाला?" तेव्हा मामी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या. "त्रास मला झालाय, माय. चाळीस साल झाले. माझा फोटो काढ." आणि खरंच, फिल्मचा जवळजवळ निम्मा भाग मामींनी खाल्ला आहे.

पण पोरगी होती हुशार. शेवटच्या दिवशी ती फ्रिजजवळ स्टूल घेऊन चढली, पट नीट बघितला आणि विचारलं, "मामा, चाल कुणाची आहे?"

मामा गिरणीचा पट्टा सारखा करायला म्हणून उठले आणि निघून गेले, पट्टा तर घरात नव्हताच. मामींनीच सांगितलं. "चाल यांचीच हाय. नऊ साल झाले. त्या भल्या माणसानं एकसष्टीच्या दिवशी हत्ती सरकवला अन् यांच्या प्याद्याला वाट दिली. एक घर पुढं, की प्यादेमात. जिंदगीभर जे पायजे ते समोर. तर हे म्हनून राहिले, त्यानं मला आहेर केला, खैरात केली, मी खैरातीची मात घेत न्हाई. तवापासून ना चाल दिली, ना त्याचं तोंड बघितलं. तो तिकडं वाट बघून राहिला असंल, ह्याचं यांना कायबी न्हाई."

मी त्या वेळी तिथे होतो आणि मला लाज वाटली. नऊ वर्षं मीही गावाबरोबर भाईंनाच बोल लावत आलो होतो. मामा सत्तरीला टेकलेले, भाई त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठे. असे अडलेले डाव बऱ्याचदा माणसांच्या आधी संपत नाहीत, हे मला त्या दिवशी फार जाणवलं. पण जावयाची जात, मामांना सांगणार काय?

फिल्म तयार झाल्यावर पोरीनं ती आधी मुखेडातच दाखवली. मंगल कार्यालयात पांढरा पडदा लावला. रविवारी दुपारी झाडून सगळ्या दळणवाल्या बायका आल्या, धपाटीवाल्या मावशी पहिल्या रांगेत. मामा स्वतःला पडद्यावर बघून "हा कोन म्हातारा" म्हणाले, मामींना हशा मिळाला, सगळं झकास चाललं होतं. आणि अचानक पडद्यावर भाई आले. पोरगी आमच्यापैकी कुणाला न सांगता जळकोटला जाऊन आली होती. भाई दुकानात कापसाच्या ढिगात बसले होते, दाढीत कापूस कुठला आणि दाढी कुठली ते कळत नव्हतं. शेजारी पट, त्यावर तोच डाव, मोहरे जिथल्या तिथे.

"सच सांगू का, बेटा?" भाई म्हणाले. "गिरणीवाल्याला वाटलं, मी जाणूनबुजून वाट दिली. तसं न्हाई. माझ्या डोळ्यांत तवा मोतीबिंदू होता. त्याचं प्यादं मला दिसलंच न्हाई. चूक झाली माझी. मी हारलो हाय, खरंखुरं हारलो हाय. त्यानं फक्त चिठ्ठी पाठवावी, बस."

मी अंधारात मामांकडे बघितलं. त्यांनी चष्मा काढला होता आणि तो धोतराच्या सोग्यानं पुसत होते. बराच वेळ पुसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लातूरला निघायचं म्हणून गिरणीत निरोप घ्यायला गेलो. मामा पोत्यावर बसून चिठ्ठी लिहीत होते. मी आनंदानं म्हणालो, "बरं झालं मामा, गैरसमज मिटला." आणि बोलता बोलता माझ्याच डोक्यात काहीतरी अडलं. "पण मामा, भाईंचं ऑपरेशन तर तुमच्या एकसष्टीच्या आधीच झालं होतं ना? तुम्हीच नव्हता का आठ दिवस..."

"हाव," मामा मान वर न करता म्हणाले. "पट्टी सोडली तवा समोर मीच बसलो व्हतो. डोळे उघडल्याबरोबर मला म्हनला, तुझ्या अंगरख्याचं दुसरं बटन तुटलंय. एवढं लख्ख दिसत व्हतं त्याला."

"म्हणजे ते खोटं बोलले?"

"सगळ्या मुखेडसमोर आंधळा झाला, जावईबापू. माझ्यासाठी." मग त्यांनी पेन्सिल कानावर अडकवली. "पहिल्यांदा दिलं ते मी लाथाडलं. त्यानं परत दिलं. त्या पोरीनं बी कप नेलाच की घरी, मांडला नसंल, पन नेला. घ्यायलाबी काळीज लागतं. ते माझ्यात नव्हतं." आणि काळीपिवळी दारात आली तशी त्यांनी चिठ्ठी ड्रायव्हरच्या हातात दिली. तिच्यावर एवढंच होतं: प्यादं एक घर पुढं. मात.

मी त्या दिवशी लातूरला गेलोच नाही. उलट चिठ्ठी बघितल्याशिवाय माझा पाय निघेना. दिवसभर मामांनी इतकं चोख दळण दळलं की बायका डबे उघडून दोनदोनदा बघत होत्या. संध्याकाळी काळीपिवळी आली. चिठ्ठीला नेहमीसारखा कापूस चिकटलेला होता. भाईंनी लिहिलं होतं, मात कबूल, नवा डाव मांड, पहिली चाल तुझी, आणि त्याखाली घरच्या सगळ्यांची, सुनांची, नातवंडांची, गुडघ्याची अशी नऊ वर्षांची खुशाली. एवढ्याशा चिठ्ठीवर, मुंगीच्या पायांएवढ्या बारीक अक्षरात, ओळ न ओळ सरळ.

मामांनी ती दोनदा वाचली. माझ्याकडे दिली, परत घेतली आणि घडी करून खिशात, काळजाच्या बाजूला ठेवली.

"बिचाऱ्याला अजून बी दिसत न्हाई नीट," ते म्हणाले, आणि फ्रिजवरचा पट उतरवायला उठले.