अस्पृश्यतेची ॲक्टिव्हिटी

"ओंजळ अजून खाली घे. आणि खांदे जरा पाडून उभी राहा," मॅम म्हणाल्या.

मी खांदे पाडले. सातवीचा वर्ग. बाकं भिंतीला सरकवलेली, मध्ये सतरंजी, स्टुलावर मातीचा माठ. समोर माझाच वर्गमित्र, हातात तांब्या. त्याचे वडील सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या पदावर होते आणि हे तो रोज कुणाला ना कुणाला ऐकवायचा. त्याने हात उंच करून वरून पाणी सोडलं. अर्धं ओंजळीत, अर्धं कोपरावरून बाहीत. वर्ग हसला. मॅमनी दटावलं, "हसू नका. फील करा."

बाही माझी भिजत होती आणि फील ते करणार होते.

शाळा बाणेरकडची. तेव्हा तिकडे शेतं जाऊन काचेच्या इमारती उठत होत्या. त्या इमारतींत कामाला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी ही शाळा. पुस्तकातून शिकणं इथे मागासलेपणाचं समजत. सगळं कसं अनुभवातून. करवंटीत मेथी पेरली, झाली शेती. मातीची वेडीवाकडी पणती केली, झाली कुंभारकी. वर्गात भाजीबाजार भरायचा, मुलं "घ्या हो घ्या" ओरडायची, मॅम कौतुकाने फोटो काढायच्या. तास संपला की पालापाचोळा झाडायला शाळेच्या मावशी यायच्या. त्यांच्या झाडूचा अनुभव मात्र कुणालाच नको होता.

मी येरवड्याच्या वस्तीतून जायचे. शाळेचा ट्रस्ट वस्तीतली एखाद-दोन मुलं फुकट शिकवायचा. फी माफ, गणवेश फुकट, बस फुकट. बदल्यात कृतज्ञता द्यायची, तीही चारचौघांत दिसेल अशी. वडील नव्हते. आई एका कंपनीत फरशा पुसायची, संडास धुवायची. मी दहावीपर्यंत त्या इंग्रजी शाळेत टिकावं, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. आणि जागा दर वर्षी नव्याने द्यायचे, ट्रस्टींच्या मर्जीने.

त्या दिवशी इतिहासात समाजसुधारणेचा धडा होता. मॅमनी चिठ्ठ्या टाकल्या. ज्याला जी चिठ्ठी येईल ती त्याची जात. मी उचलली. वर लिहिलं होतं, इनामदार. मला खरंच आनंद झाला. इनामदाराला बसायला गादी होती आणि पाणी पेल्यातून मिळणार होतं. मॅमनी वाकून चिठ्ठी वाचली, गोड हसल्या आणि ती माझ्या हातातून काढून घेतली. दुसरी दिली, 'अस्पृश्य' लिहिलेली. "तू ही कर, बेटा. तुला नॅचरली जमेल."

चिठ्ठ्या टाकून जात ठरवायचा खेळ. त्यातही माझी जात चिठ्ठीवर सोडायची यांची हिंमत झाली नाही.

माझी जात मी त्यांना कधी सांगितली नव्हती. आडनावावरून कळली असेल, पत्त्यावरून कळली असेल. पुण्यात सुसंस्कृत माणसं असलं विचारत नाहीत, आधीच माहीत करून घेतात.

पाणी ओतून झाल्यावर सगळे गोलात बसले. प्रत्येकाने काय वाटलं ते सांगायचं. एक मुलगी डोळे पुसत म्हणाली, "मॅम, आय फेल्ट सो बॅड. मला आज डबासुद्धा जाणार नाही." मधल्या सुट्टीत तिने स्वतःचा डबा संपवून शेजारणीच्या डब्यात हात घातला. तांब्यावाला म्हणाला, "त्या काळचे लोक किती क्रूएल होते, ना?" त्या काळचे. त्याच्या हातातला तांब्या अजून गळत होता.

मग मॅम माझ्याकडे वळल्या. "आता तू सांग. तुझं फीलिंग सगळ्यांत ऑथेंटिक असणार."

मी म्हणाले, "मॅम, आता उलटं करू. मी ओतते, हे ओंजळ धरतील."

तांब्यावाल्याने मॅमकडे पाहिलं.

"तसं नाही ना करता येत, बेटा," मॅम म्हणाल्या. "पालकांना आवडणार नाही."

त्या शाळेत शिकलेला सगळ्यात खरा धडा हाच. माझ्या आईला काय आवडेल, हा प्रश्न त्यांच्या मनाला शिवलाही नाही. कारण आई पालक नव्हती, लाभार्थी होती.

एवढ्यावर भागलं असतं. पण फोटो छान आले होते. वार्षिक प्रदर्शनात ट्रस्टी आणि पालकांसमोर हीच ॲक्टिव्हिटी करून दाखवायचं ठरलं. मी म्हटलं, मी करणार नाही. तेव्हा मुख्याध्यापिकांनी आईला बोलावून घेतलं. अगदी आदराने बोलल्या. "अहो, तिची इच्छा नसेल तर आमचा अजिबात आग्रह नाही. पण पुढच्या वर्षीच्या जागेचं ट्रस्टी विचारतील, तेव्हा त्यांना मी काय सांगू, तेवढं आपण सांगा." सुसंस्कृत माणसांची धमकी अशी असते. आवाज न चढवता देतात.

घरी आल्यावर आई म्हणाली, "दोन मिन्टाचं पानी हाय. तेवढ्यानं झिजतीस का तू? मी रोज त्येंचं संडास धुती."

"म्हणून तर नाही करणार," मी म्हणाले.

आई रागाने तोंड फिरवून बसली. मलाही तिचा राग आला. तिच्यावर रागवण्यात अर्थ नव्हता, हे कळत होतं, तरी आला. ज्यांच्यावर यायला हवा होता ते औंध-बाणेरला सुखाने जेवत असतील, या विचाराने मला झोप लागेना.

प्रदर्शनासाठी मॅमनी माझ्याकरता मुद्दाम फाटकं, मळकं परकर-पोलकं मिळवलं होतं. मी धुतलेला, इस्त्रीचा गणवेश घालून गेले. मॅम दातओठ खात म्हणाल्या, "अगं, हे त्या काळातलं वाटत नाही."

"नाहीच वाटत," मी म्हणाले.

आई अर्धा दिवस रजा टाकून आली होती. खुर्च्या पालकांसाठी होत्या, म्हणून ती मागे भिंतीला टेकून उभी राहिली. तांब्यावाला ऐटीत पुढे आला. मी हात पाठीमागे बांधले. त्याला वाटलं मी विसरले. "ए, हात," तो कुजबुजला. पडद्याआडून मॅम ओंजळीच्या खुणा करत होत्या. मी हलले नाही. आणि त्या ठोंब्याने, तालमीत ठरलं होतं म्हणून, तरीही तांब्या कलंडला. पाणी सतरंजीवर पडलं आणि पसरत पहिल्या रांगेतल्या ट्रस्टीबाईंच्या चपलांपर्यंत गेलं. बाईंनी दोन्ही पाय वर उचलले.

मी मोठ्याने म्हणाले, "मला असलं पाणी नको. तहान लागली की माझ्या हाताने घेईन."

टाळ्या पडल्या. हो, टाळ्या. पालकांना वाटलं, बसवलेला शेवटच असा आहे. एक गृहस्थ मॅमचा हात हातात घेऊन म्हणाले, "व्हेरी पॉवरफुल." ज्यांच्या तोंडावर थुंकावं, ते थुंकीलाही दाद देतात, हे मला त्या वयात कळलं. टाळ्या न वाजवणारे मोजकेच होते. मॅम, मुख्याध्यापिका आणि मागे उभी असलेली माझी आई.

पुढच्या वर्षी जागा मिळाली नाही. कारण कुणी सांगितलं नाही. आई बरेच दिवस माझ्याशी धड बोलली नाही. मी महापालिकेच्या शाळेत गेले. नुकसान झालं. झालं नाही असं सांगून मी कुणाला बरं वाटू देणार नाही. ती मुलं परदेशी गेली. मला आजही इंग्रजीत बोलताना धाप लागते.

आता मी स्वतः महापालिकेच्या शाळेत शिकवते. प्रयोग करूनच शिकवते. तराजू, बॅटरी, दोरीने मैदान मोजणं, सगळं करून घेते. पद्धतीशी माझं भांडण नाही. पोराने स्वतः तारा जोडल्या आणि बल्ब पेटला, की तो उजेड त्याचा असतो. पण ज्याचं जळतं त्याला कळतं. इतरांना कळावं म्हणून त्याला पुन्हा जाळायचं, याला शिक्षण म्हणत नाहीत.

परवा आमचे मुख्याध्यापक खुशीत वर्गात आले. एका बड्या शाळेची मुलं 'वंचितांच्या शाळेचा अनुभव' घ्यायला येणार आहेत. आमच्या मुलांबरोबर जमिनीवर बसतील, खिचडी खातील, फोटो काढतील. "बदल्यात कॉम्प्युटर मिळणार आहेत, मॅडम. जरा समजून घ्या."

"माझा वर्ग मिळणार नाही," मी म्हणाले.

"कॉम्प्युटर जातील. मुलांचं नुकसान होईल."

"होईल. आणि कशापायी झालं, ते मी मुलांना सांगेन."

कॉम्प्युटरसाठी मी शिक्षण मंडळाच्या पायऱ्या झिजवेन, भांडेन, हक्काने मागेन. पोरांची तोंडं दाखवून घेणार नाही. पाहुणे यायचे त्या दिवशी माझा वर्ग नेहमीसारखा भरेल. अपूर्णांक चालू आहेत, भाकरी कापून शिकवायचे आहेत. दाराला आतून कडी असेल. मुख्याध्यापकांनी वाजवलं तरी मी उघडणार नाही.