दम धरवत नाही

माझ्या नवऱ्याला जन्मभर सगळ्यांनी एकच सल्ला दिला, दम धर. कायम व्हायचंय? दम धर. पगार वाढवून हवाय? जरा दम धर. धुळ्याकडून आम्ही सिल्वासाला आलो तेव्हा मी इथल्या मराठी शाळेत लागले आणि हे खडोलीला, दगडाची भुकटी करणाऱ्या कारखान्यात. माणूस इतका गरीब स्वभावाचा की त्यांनी खरोखरच दम धरला. मी असते तर पहिल्याच वर्षी भांडून बाहेर पडले असते, आणि कदाचित आज आमचं बरं चाललं असतं.

आता टोकरखाड्यातल्या आमच्या घराचा एक जिना चढताना ते मध्येच पायरीवर बसतात. भुकटी आत जाऊन फुफ्फुसं घट्ट झालीत, असं डॉक्टरांनी सांगितलं. औषधं दिली ती खोकला कमी करायची. घट्ट झालेलं पुन्हा मऊ करायचं औषध कोणाकडेच नव्हतं.

अशात सीटी स्कॅन करायच्या सेंटरवर एक तरुण डॉक्टर भेटला. तो मोठ्या शहरातून संशोधनासाठी येत असे. आमच्यासारख्या कारखान्यातल्या माणसांचे छातीचे फोटो गोळा करून तो संगणकाला शिकवत होता, की कोणाची फुफ्फुसं लवकर ढासळतील आणि कोणाची सावकाश. ज्यांची लवकर ढासळतील असं संगणक सांगेल, त्यांना शहरातल्या इस्पितळात आधी बोलावणार होते. तिथे एक नवीन औषध देत होते, आजार आहे तिथे तरी थांबवणारं. शिकवणं हा माझा धंदा आहे, म्हणून सांगते, त्याने फार छान समजावलं. माझ्या जावेने गंडा बांधायचं सुचवलं होतं तेव्हा मी तिला फाडून खाल्लं होतं, आणि आता मी स्वतः एका संगणकावर सगळा भाव ठेवून बसले.

अट एकच होती. फोटो निघेपर्यंत श्वास रोखून अजिबात न हलता पडायचं.

मग आमच्या घरी पहिलीचा वर्ग भरला. शाळेतून आले की मी यांना पलंगावर उताणं झोपवायची, श्वास आत घ्यायला लावायची आणि बेचा पाढा म्हणायची. पाढा संपेपर्यंत श्वास सोडायचा नाही. सुरुवातीला बे त्रिक सहालाच खोकला यायचा. मी रागवायची, आणि ते म्हणायचे, बाई, छडी तेवढी मारू नका. हळूहळू बे पंचे दहापर्यंत मजल गेली. एके दिवशी त्यांनी पाढा जवळजवळ पुरा केला, तेव्हा मी एवढी हरखले की गोडाचा शिरा केला. आज त्या शिऱ्याची आठवण आली की मला स्वतःचा राग येतो. आम्ही परीक्षेची तयारी करत होतो, आणि पेपर फुफ्फुसांचा होता.

स्कॅनच्या खोलीत मी काचेअलीकडे उभी होते. मशीनमधून हिंदीत आवाज आला, सांस रोकिए. यांनी रोखला. त्यांचं तोंड लाल होताना मला दिसत होतं. पलंग सरकायला लागला आणि यांना ढास लागली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिथला टेक्निशियन भला होता, थोडं पाणी पाजून त्याने आणखी एकदा करून पाहिलं.

नंतर डॉक्टरने मला आत बोलावलं. पडद्यावर आधी दुसऱ्या कोणाचातरी फोटो दाखवला, त्यातली रेघन् रेघ वेगळी होती. मग यांचा. ओल्या हाताने फळा पुसावा तसा. असे फोटो घेतले तर संगणक चुकीचं शिकतो, म्हणून ते बाजूला काढावे लागतात, असं तो म्हणाला.

"ज्यांना दम धरवत नाही, तेच जास्त आजारी ना?" मी विचारलं. "त्यांनाच काढलं, तर तुमचा संगणक ओळखणार कोणाला?"

त्याने पडद्यावरचा यांचा फोटो बंद केला. मग हळूच म्हणाला, "बाई, यांचं सांगायला संगणक लागत नाही."

मला त्याचा भयंकर राग आला. तो खोटं बोलला नव्हता, म्हणून तर जास्तच आला. औषधाचं विचारलं, तर नावं संगणकाच्या निकालावरूनच निघतात म्हणाला, तरी मी प्रयत्न करतो. सरकारी शाळेत इतकी वर्षं काढल्यावर 'प्रयत्न करतो'चा अर्थ मला कळतो.

रिक्षात बसल्यावर मी यांना सगळं खरं सांगितलं. घराजवळ आल्यावर ते म्हणाले, "जाऊ दे. आपलं नाही तर नाही, दुसऱ्या कोनाचं तरी भलं हुईन." त्यांच्यासारख्या कोणाचंच होणार नाही, हे माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. मी गिळलं.

संध्याकाळी यांच्या कारखान्यातल्या जोडीदाराचा फोन आला. दोघांनी एकाच पाळीत, एकाच चक्कीवर काम केलेलं. यांना बोलायचं त्राण नव्हतं म्हणून मी घेतला. यांनीच त्यांना त्या डॉक्टरचं सांगितलं होतं म्हणे.

"वहिनी, भाऊंचं काम झालं का? म्या बी जाऊ का उद्या?"

"भाऊजी," मी म्हटलं, "तुम्हाला न खोकता श्वास रोखून धरता येतो का? आत्ता धरून बघा."

त्यांनी श्वास आत घेतलेला मला ऐकू आला. हे पलंगावरून माझ्याकडे बघत होते. क्षणभर फोनमध्ये काहीच आवाज नव्हता, आणि मग खोकला सुरू झाला. तो थांबायची वाट बघत मी फोन कानाला धरून उभी राहिले.