आईच्या नावाचं फूल

आधीच माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच, आणि माझं मराठी आईच्या ओट्यापाशी शिकलेलं. ज्या विषयातलं मला दोन सेमिस्टरपुरतं कळतं, त्यावर लिहिणं हा आगाऊपणाच. तरी लिहितो, कारण यात आई आहे.

कॉलेजच्या लायब्ररीत मला मेक्सिकोतल्या जुन्या हस्तलिखितांची चित्रं नोंदवायचं काम मिळालं होतं. नाहुआत्ल भाषा बोलणाऱ्यांच्या गावांतल्या माणसांच्या त्या याद्या. माणसाचा नुसता चेहरा काढलेला, त्यातून निघालेली बारीक रेघ, आणि रेघेच्या टोकाला त्याचं नाव, चित्रात. फूल असेल तर नाव फुलाचं. बाप्तिस्म्याचं नवं नाव शेजारी अक्षरांत.

थँक्सगिव्हिंगला नेपरव्हिलला घरी गेलो, तेव्हा आईला ते फोनवर दाखवलं.

"कुठलं फूल हे?"

"नुसतं फूल. त्यांच्यात 'फूल' हेच नाव असायचं."

"नुसतं फूल असतं का रे कधी?" ती हसली. मग हळूच म्हणाली, "माझंही फुलाचंच होतं."

मला ठाऊक होतं. लग्नात बाबांनी ताटातल्या तांदळांत अंगठीने नवं नाव लिहिलं, आणि माहेरचं नाव माहेरीच राहिलं. त्या नावाने तिला कुणी हाक मारलेली मी कधी ऐकली नाही.

त्याच सुट्टीत मी तिचा अमेरिकन नागरिकत्वाचा फॉर्म भरत होतो. त्यात प्रश्न होता, नाव बदलायचं आहे का? मी वाचून दाखवला. पोळी लाटता लाटताच ती म्हणाली,

"तुझ्या बाबांना विचार."

मला धीर झाला नाही. तिनेच मग वाणसामानाच्या यादीमागे एका बाईचा चेहरा, एक रेघ आणि पाच पाकळ्या काढल्या, आणि कागद फ्रिजवर लावला.

बाबा दुकानातून आले. "हे काय, बाईच्या डोक्याला फुगा?"

"फुगा नाही. माझं नाव आहे ते."

बाबा जॅकेट न काढताच तिथे उभे राहिले. मग टेबलावरचा फॉर्म बघून मला म्हणाले, "नावाचा रकाना तेवढा रिकामा ठेव. मी बघतो."

मी परत आलो. हिवाळाभर दर फोनवर बर्फ किती पडला ते विचारायचो, त्या रकान्याचं मात्र विचारवलं नाही. लायब्ररीत फुलाचं चित्र समोर आलं की हात थांबायचा.

उन्हाळा लागल्यावर एका दुपारी फोटो आला. जेवणाच्या टेबलावर नागरिकत्वाचं सर्टिफिकेट, आणि शेजारी ताटात पसरलेले तांदूळ. त्यांत बाबांच्या वाकड्या अक्षरात आईचं फुलाचं नाव.

खाली आईचा मेसेज होता: "जजसमोर शपथ झाली. सर्टिफिकेटवर पण हेच नाव. यांनी लिहायला चांगला बासमती घेतला, आता तोच शिजवतेय."