घाटासमोरची दुर्बीण
दुर्बिणीच्या जुन्या कातडी पिशवीचा कुबट वास आला, की मला नागपूरजवळच्या राखीव जंगलातला तो तलाव आठवतो. सत्तरच्या दशकातला हिवाळा होता. नोकरीतून सुटी काढून मी आणि माझा मित्र निव्वळ हौसेने, वनखात्यासाठी, उत्तरेकडून आलेली बदकं मोजत होतो. समोरच्या काठावर गावातल्या बायांचा धुण्याचा घाट होता आणि चक्रवाकांचा थवा नेमका त्याच्याच पुढ्यात उतरला होता. आम्ही दुर्बिणी लावल्या, तसा कपडे आपटण्याचा आवाज थांबला. थोड्याच वेळात चार बाया ओल्या लुगड्यांनिशी बांधावरून आमच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. त्यांतली थोराड बाई म्हणाली, "काहून गा, आमच्या घाटाकडे काय पाहून राहिले?" "पाखरं मोजतो, बाई," मित्र म्हणाला. "पाखरं मोजून सरकारले काय भेटते?" खात्री पटावी म्हणून मी दुर्बीण तिच्या हाती दिली. पाखरांवर ती क्षणभरही थांबली नाही; तिने दुर्बीण सरळ घाटावर नेली आणि तिथेच धरली. "माह्या सुनेच्या हातातल्या बांगड्या दिसून राहिल्या," ती सोबतिणींना म्हणाली, आणि तिचा चेहरा आणखीच कठोर झाला. "उद्यापासून बाया घरी गेल्यावर या. मी इथंच बसीन." दुसऱ्या दिवशी दुपारी ती खरंच येऊन बसली, तलावाकडे पाठ आणि आमच्याकडे तोंड करून. आमची मोजणी होईपर्यंत ती हलली नाही. आजही कुठल्या काठावर गेलो, की समोर कोणी बाया नाहीत ना, हे मी आधी नुसत्या डोळ्यांनी पाहून घेतो.