नऊ घरं फिरून आलेला अंक

आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत नऊ बिऱ्हाडं होती आणि दर दिवाळीला मिळून नऊ दिवाळी अंक यायचे. प्रत्येकाने एक अंक घ्यायचा, चार दिवसांत वाचायचा आणि पुढच्या घरी द्यायचा. या व्यवस्थेचे स्वयंघोषित प्रमुख म्हणजे आमचे बाबा. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर हुकूम सोडायला त्यांना एवढी एकच जागा उरली होती. प्रत्येक अंकाच्या शेवटच्या पानावर ते एक कागद चिकटवायचे. त्यावर नऊ घरांचे क्रमांक आणि प्रत्येकापुढे अभिप्रायासाठी जागा. अभिप्राय सक्तीचा. न लिहिणाऱ्याला पुढचा अंक मिळत नसे.

सुरुवातीला लोक खरंच वाचायचे आणि जिन्यात भांडायचे. मग घरोघरी केबल आली, मुलं कॉम्प्युटरच्या क्लासला जाऊ लागली, मी हिंजवडीच्या एका कंपनीत लागले. वाचन आटलं, अभिप्राय मात्र आटले नाहीत. ‘वाचनीय’, ‘बरा’, ‘मागच्या वर्षीचा सरस’. हे लिहायला अंक उघडावा लागत नाही. बाबा सोडून सगळ्यांना हे ठाऊक होतं. मीही त्यातलीच. कंपनीच्या बसमध्ये अंक मांडीवर घ्यायचे आणि चांदणी चौक येईपर्यंत घोरायला लागायचे.

त्या वर्षी बाबांची कथा छापून आली. वर्षानुवर्षं साभार परतीची पत्रं जमवणारा हा गृहस्थ अखेर एका दिवाळी अंकात घुसला, तोही टोपणनावाने. फक्त आईला माहीत होतं. तिनेच मला मागाहून सांगितलं, की बाबांना खरं मत हवं होतं. ओळखीचं नाव दिसलं की लोक एक तर गोड बोलतात, नाहीतर मुद्दाम वाकडं. म्हणून घरी आलेली लेखकाची प्रत त्यांनी कपाटात दडवली, बुधवार पेठेतून तोच अंक विकत आणला, कागद चिकटवला आणि आत न बघता फिरायला सोडला. स्वतःची कथा त्यांना पाठच होती.

महिनाभर तो अंक कुणाच्या हातात दिसला की बाबा उगाच जिन्यात रेंगाळायचे. आमचं घर यादीत शेवटचं. अंक आला तसे मला म्हणाले, “त्यातली ती दोन भावांची कथा बघ. बरी आहे म्हणतात.” कोण म्हणतं, ते मी विचारलं नाही. पहिलं पान वाचलं. रविवारी सकाळी त्यांनी कागद पुढे केला, तेव्हा बिनदिक्कत लिहिलं, ‘भावांची कथा उत्तम. शेवट चटका लावणारा.’ दिवाळी अंकातल्या कथेचा शेवट दुसरं काय लावणार?

बाबा इतके खूश झाले की त्यांनी आईला आपणहून चहा करून दिला. मग चटका नेमका कुठे लागतो ते पाहायला त्यांनी तो अंक पहिल्यांदाच उघडला.

चौसष्टाव्या पानावर नायक भावाच्या दारापुढे उभा राहून बेल दाबायला हात उचलतो. समोरच्या पानावर मेष राशीला वर्ष संमिश्र जाणार होतं. बांधणी करणाऱ्याने सोळा पानांचा एक गठ्ठा दोनदा घातला होता आणि पुढचा गाळला होता. उरलेली कथा अंकात नव्हतीच.

बाबा एकेक अभिप्राय मोठ्याने वाचू लागले. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी लिहिलं होतं, ‘मुद्रणदोष तीन.’ तळमजल्यावरच्या काकूंनी, ‘राशिभविष्य यंदा विस्तृत.’ एका घराचं मत होतं, ‘भावांची कथा शेवटी थोडी लांबली.’ मला हसू आवरेना.

“तुला शेवट आवडला ना? काय होतं त्यात?” बाबांनी विचारलं.

“ऑफिसच्या गडबडीत वाचलं हो बाबा. आता कसं आठवेल?”

त्यांनी ते पान माझ्यापुढे ठेवलं. मी मेष राशीकडे बघत बसले. आई म्हणाली, “कथा यांची आहे.”

मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो. नाव कशाला लपवायचं, आपल्याच माणसांची परीक्षा कशाला घ्यायची, असं तोंडाला येईल ते बोलले.

“नाव असतं तर वाचली असतीस?” बाबांनी विचारलं.

नाव असतं तर मी ‘फारच उत्तम’ लिहिलं असतं, इतकंच.

दुपारी आईकडून कपाटातली प्रत मागून घेतली आणि गॅलरीत बसून कथा दोनदा वाचली. बेलपर्यंतची कथा चांगली होती, आपल्या बाबांनी लिहिली यावर विश्वास बसू नये इतकी. त्यापुढे मात्र चार पानं दोघे भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते. संध्याकाळी मी बाबांसमोर जाऊन बसले. खोटं बोलायची सोय मी सकाळीच संपवली होती.

“बाबा, शेवट फसलाय. बेलपाशीच थांबायला हवं होतं. बांधणीवाल्याला कळलं, ते तुम्हाला कळलं नाही.”

आता माझी धडगत नाही असं मला वाटलं.

“मलाही तीच शंका होती,” बाबा म्हणाले. “म्हणून तर नऊ घरं फिरवला.”