हसरं बटण

"डोळे मिटा," स्पीकर म्हणाला. "तुम्ही तुमच्या मळ्यात आहात. विहिरीवरची मोटर चालू आहे. हौदात गार पाणी पडतंय. त्यात पाय सोडा. सगळा ताण पाण्याबरोबर वाहून जाऊ द्या."

सांगलीतल्या आमच्या कॉलेजचा हॉल. सगळा वर्ग डोळे मिटून बसलेला. आवाज आमच्या वर्गाच्या मॅडमचाच, रेकॉर्ड केलेला. विद्यार्थ्यांचं मन ठीक राहावं म्हणून फोनवरचे पाठ आले होते. ज्याचे त्यानं करायचे, हा एक तेवढा सगळ्यांनी मिळून. मूळ पाठात समुद्रकिनारा होता म्हणे. मॅडमनी तो काढून मळा घातला. "आपल्या मातीतलं पाहिजे," म्हणायच्या. मॅडम बागायतदाराच्या घरातल्या. इकडं ज्याला त्याला मळा असतोच, असं त्यांना अगदी मनापासून वाटत होतं.

मीही डोळे मिटले. हौद दिसला. लख्ख दिसला.

सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव. आई मालकाच्या उसात तण काढायला, भांगलायला जायची आणि मी बांधावर बसायची. तेव्हा नुकतीच शाळेत जायला लागले होते. ऊन लय होतं. मालकाची पोरं हौदात डुंबत होती. मी नुसते पाय सोडले. मालक विहिरीकडून ओरडत आला, "ए, पाय काढ! जनावरं पित्यात त्यातलं!" त्याची पोरं अख्खी पाण्यात होती. माझे पाय तेवढे जनावरांना चालत नव्हते. हौद रिकामा केला आणि आईला घासायला लावला. आई आत वाकून काथ्यानं घासत होती आणि हसत होती. "लेकरू हाय, चुकलं मालक," म्हणत हसत होती. घरी आल्यावर तिनं मला बदडलं, आणि मग स्वतःच रडत बसली.

स्पीकर थांबला. "काय काय दिसलं?" मॅडमनी विचारलं. पुढच्या बाकावरची म्हणाली, "आमचा मळा, मॅडम! लय भारी वाटलं." मग बोट माझ्याकडं आलं. मी उभी राहिले आणि दिसलं तेच सांगितलं.

मागून कुणीतरी म्हणालं, "झालं हिचं सुरू." हशा पिकला. हसणाऱ्यांना मॅडम काही बोलल्या नाहीत. मला म्हणाल्या, "अगं, किती जुनं धरून बसतेस! हाच तुझा त्रास आहे. दुसरा एखादा मळा कल्पून घे ना. कल्पनेला काय पैसे पडतात?"

मी खाली बसले. भर हॉलमध्ये मला पुन्हा हौदातून पाय काढायला लावले होते.

मला त्रास नव्हता असं नाही. होता, म्हणून तर मीच आधी मॅडमकडं गेले होते. होस्टेलच्या खोलीत आम्ही तिघी. माझ्या फोनवर बाबासाहेबांचा फोटो दिसला आणि दोघींनी कॉट पलीकडच्या भिंतीला नेले. भांडण नाही, शिवी नाही. घरून डबा आला की त्या बाहेर जाऊन खायच्या. माझी झोप उडाली. पुस्तक उघडलं की अक्षरं नुसती बघत बसायची. सकाळी उठायचं कशाला, हेच कळेना झालं.

पूर्वी कॉलेजात आठवड्यातून एकदा एक समुपदेशक ताई यायच्या. मी एकदाच गेले होते. त्या मध्ये बोलल्या नाहीत, ऐकत राहिल्या. त्या रात्री मला झोप लागली. पाठ आले आणि ताईंचं येणं बंद झालं. त्यांच्या खोलीत आता व्यायामाच्या चटया ठेवल्यात. "मला कुणाशी तरी बोलायचंय," असं मी मॅडमना म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "माणूस कशाला? सगळं फोनवर आहे. कुणाला कळणारसुद्धा नाही."

खोटं कशाला बोलू, काही मुलींना पाठांचा उपयोग झाला. परीक्षेची धडधड कमी झाली. श्वासाचा पाठ मलाही बरा वाटला. पण पुढचा पाठ विचारायचा, तुम्हाला लोक टाळतात असं वाटतं, त्याला पुरावा काय? मी लिहिलं, कॉट. फोन म्हणाला, छान! आता हाच विचार सकारात्मक करून लिहा. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. कॉट त्यांनी सरकवायचे आणि विचार मी बदलायचा! डोकं फिरलं माझं.

शेवटच्या पाठात चेहऱ्यांची बटणं होती, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. आता कसं वाटतं? मी रडकं दाबलं.

मॅडमनी बोलावून घेतलं. कॉलेज तपासायला समिती येणार होती. "सगळ्या वर्गाचे चेहरे हसरे आलेत. तुझा एकटीचाच असा. तेवढा बदल."

"बरं वाटलं की बदलते, मॅडम."

त्यांनी माझ्यासमोरच आप्पांना, माझ्या वडिलांना, फोन लावला.

आप्पा साताऱ्याला एमआयडीसीत वॉचमन आहेत. ड्युटी सोडून एसटीनं आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. हात जोडून म्हणाले, "आवं मॅडम, पोर हुशार हाय. जरा हट्टी हाय, तेवढं सांभाळून घ्या." मॅडम गोड बोलल्या. मुलगी खचलीय, महिनाभर घरी न्या, बरं वाटलं की पाठवा. त्याच महिन्यात परीक्षा होती. वर्ष बुडणार होतं, आणि गेलेल्या मुलीला आमच्यात परत कोण पाठवतं? चुलते आधीच स्थळं बघत होते. आप्पा मॅडमसमोर हसत राहिले, आई हौदात हसत होती तसे.

बाहेर आल्यावर म्हणाले, "दाब की बाय ते हसरं बटन. काय जातंय आपलं? आमी न्हाई का जल्मभर हसलो?"

मला रडू फुटलं. आप्पांचा राग आला. मग राग आला म्हणून स्वतःची लाज वाटली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार त्यांनी आयुष्यभर खाल्ला आणि आता तो कसा खायचा ते मला शिकवत होते. तेही प्रेमानं.

"न्हाई दाबत," मी म्हटलं.

"मग चल घरी."

होस्टेलवरून बॅग भरून मी त्यांच्या मागं निघाले. स्टँडवर साताऱ्याची गाडी लागली. आप्पा चढले. खिडकीची जागा धरली. माझी बॅग मांडीवर घेतली. "चल बाय."

मी खालीच उभी. खिडकीतून हात घालून बॅग मागितली. "मी येत न्हाई, आप्पा. वर्ष बुडू देणार न्हाई."

ते रागावले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी बॅग दिली आणि इकडं तिकडं बघितलं, कुणी ऐकलं का म्हणून. गाडी हलली तेव्हा ते कंडक्टरकडं एकच तिकीट मागत होते, आणि कंडक्टरसमोरही तसंच हसत होते.

मी चालत कॉलेजला आले. मॅडमच्या दारात उभी राहिले. "मी गेले नाही, मॅडम. मला बरं वाटत नाही. ते बटण मी दाबणार नाही. मला ऐकणारं माणूस पाहिजे. ताईंची खोली उघडा."

"उद्या बघू," त्या म्हणाल्या, कागदातून मान वर न काढता.

त्या बघणार नाहीत. खोली उघडेल असं मलाही वाटत नाही. दोन्ही कॉट त्या भिंतीलाच आहेत आणि झोप अजून येत नाही. पण मी वर्गात बसणार. परीक्षा देणार. आणि रोज त्या दारात उभी राहून हेच मागणार. हसून मात्र मागणार नाही.