कॅबिनमध्ये बसून रेस कोणी दिली?

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. लिहिण्यात चुका होतील, सांभाळून घ्या. भूत-खेत, बाहेरचं वगैरे मी कधी मानलं नाही. उभा जन्म गाड्या खोलण्यात गेला. गाडी अडते ती पेट्रोलपायी नाहीतर करंटपायी, तिसरं कारण नसतं, असं मी लोकांना सांगायचो. आता सांगत नाही.

पहूरला जळगाव रस्त्यावर माझं गॅरेज आहे. पत्र्याचं शेड, पुढे कडुलिंब, थोडं पुढे गेलं की स्पेअर पार्टचं दुकान. माझी बायको इंदू मागच्या पावसाळ्यात वारली. छातीत दुखतं म्हणाली, जळगावला नेईपर्यंत संपली. सवाष्ण गेली म्हणून बायांनी हिरवं लुगडं नेसवलं, दोन्ही हातांत हिरव्या काचेचा चुडा भरला. तो घालूनच ती जळाली.

चुड्याचं सांगतो, कारण गॅरेज दोघांचं होतं. सायलेन्सरच्या फटाक्यांनी माझे कान कधीचेच गेलेले. गाडी मिसिंग मारत असली, म्हणजे एखादा सिलिंडर पेटत नसला, की इंजिन चालू ठेवून एकेक प्लगची वायर काढायची असते. चालू सिलिंडरची वायर काढली की इंजिन खाली बसतं, आवाज पडतो. मेलेल्याची काढली तर काहीच फरक पडत नाही. हा फरक कानाने पकडायचा... आणि मला तर कान नाहीत. म्हणून इंदू चप्पल काढून ड्रायव्हरच्या सीटवर बसायची. मी बॉनेटमागून ओरडायचो, "दे!" ती रेस द्यायची. "सोड!" म्हटलं की सोडायची, पण एकदम नाही, दमादमाने. फरक पडला नाही की दरवाज्याच्या पत्र्यावर बांगड्या वाजवायची. तेवढं मला ऐकू यायचं. ती शिंदखेड्याकडची, अहिराणी बोलायची. माझा पाय आहे ना, असं म्हणायची, "तुमना कान गयात ते जाऊ द्या, मना पाय शे ना!"

ती गेल्यावर मी पान्याला हात लावला नाही. नाशिकला राहणारा माझा पोरगा म्हणत होता, "बाबा, ऐकू येत नाही तुम्हाला, शटर पाडा आणि इकडे या." उन्हाळ्यात फैजपूरचा संजू त्याची छोटी ट्रक घेऊन आला. केळी वाहतो तो. गाडीचं मूळ इंजिन जाम झालं, म्हणून धुळ्याला दुसऱ्या गाडीचं जुनं पेट्रोल इंजिन टाकून घेतलं होतं. तेव्हापासून झटके, कार्बोरेटरमधून फटाके.

"आबा, गावातून निघालो तं कुत्रे मागं लागतात, वरात समजून पोरं नाचतात," संजू म्हणाला. "हसू नका भो. रोज माल परत जातो माझा."

मी मनाशी ठरवलं. ही गाडी जमली तर गॅरेज चालू ठेवायचं. नाही जमली तर पोराकडे जाऊन खाटेवर बसायचं.

दुपारची वेळ. ऊन असं की पाना हातात धरवत नव्हता. संजूला सीटवर बसवून इंजिन चालू करायला लावलं, बॉनेट उघडलं, एअर फिल्टर काढून ठेवला. उघड्या बॉनेटआड कॅबिन दिसत नाही. मी सवयीने ओरडलो, "दे!"

रेस आली. पहिली वायर काढली, इंजिन थरथरत खाली बसलं. परत लावली. दुसरी काढली आणि पत्र्यावर बांगड्या वाजल्या.

मला काहीच वेगळं वाटलं नाही, हे खरं सांगतो. इतकी वर्षं तेच ऐकलेलं. तिसरी काढली, परत बांगड्या. चौथीला इंजिन खाली बसलं. म्हणजे मधले दोन मेलेले. वायरी सगळ्या लावल्या आणि कार्बोरेटरमध्ये बघायला मी तोंड खाली नेलं...

तेव्हा बांगड्या अशा वाजायला लागल्या की काचा फुटतील. मला रागच आला. "अगं काय झालं?" म्हणत मी मान बाहेर काढून कॅबिनकडे पाहिलं. त्याच क्षणी बार झाला. कार्बोरेटरमधून जाळ वर आला, माझं तोंड होतं बरोब्बर तिथे. बॉनेटचा पत्रा काळा पडला.

कॅबिनमध्ये कोणी नव्हतं.

इंजिन तसंच चढलेलं. आणि रस्त्यावरून संजू येत होता, हातात नव्या प्लगांचा पुडा.

"आबा, तोंड पोळलं का?" तो पळत आला.

"तू कधी उतरला?"

"अहो, बॉनेट उघडलं तेव्हाच! प्लग आणतो म्हणून ओरडून गेलो ना... रेस कोण देऊन राह्यलं?"

मी हळूच म्हटलं, "सोड." रेस खाली आली. एकदम नाही, दमादमाने. संजूने ते पाहिलं. पुडा तिथेच टाकून कडुलिंबाखाली जाऊन उभा राहिला.

बिघाड निघाला तो साधाच. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्लगच्या वायरी अदलाबदल झालेल्या. मूळ इंजिनचा जाळ लागायचा क्रम वेगळा, या इंजिनचा वेगळा, आणि धुळ्याच्या फिटरने सवयीने जुन्या क्रमानेच लावून दिलेल्या. मी फिरवल्या, इंजिन शिलाई मशीनसारखं चालायला लागलं. अॅक्सिलरेटरची केबल काढून तपासली, स्प्रिंग ताणून पाहिली. दोन्ही धडधाकट. आणि केबल अडकली असं धरलं, तरी अडकलेली केबल "दे" आणि "सोड" ऐकते का? आणि बांगड्यांचं काय? संजूच्या हातात कडं पण नाही.

संजूची गाडी अजून चांगली चालते. पण मुक्कामाला तो आता माझ्या गॅरेजसमोर थांबत नाही. मी शटर पाडलं नाही. पोरगा रागावला, रागावू दे.

कारण कोणाला ठाऊक असेल तर सांगा. मला नाही सापडलं. आता कोणतीही गाडी आली की गिऱ्हाइकाला चहाला पाठवतो, कॅबिन रिकामी ठेवतो, बॉनेटमागे उभा राहून म्हणतो, "दे."

रेस येत नाही, इंजिन जागेवर घुरघुरत राहतं. मी थोडा वेळ थांबतो. मग स्वतःच हाताने केबल ओढतो.